चुकायची तालीम

शाळेत त्यांना सगळे एसबाई म्हणत. समोर नुसतं ‘बाई’, आणि पाठ फिरली की ‘एसबाई’. खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस तिथे उरलंच नव्हतं. शिपाईसुद्धा त्यांचं टपाल हातात आलं की पाकिटावरचं नाव वाचून विचारात पडायचा, की ही आणखी कोण नवीन आली? नाव पडायला कारणही तसंच होतं. इंग्रजीत एका वस्तूच्या दोन झाल्या की शब्दाच्या शेपटीला एस लावायचा, एवढी गोष्ट पहिलीच्या पोरांच्या डोक्यात उतरवणं हे बाईंचं काम. तसं बाकीही त्या पुष्कळ काही शिकवायच्या, रंग, आकडे, डावा हात कुठला, नाक कशाने पुसायचं. पण गाजला तो एस.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एस लावला की झालं! असं म्हणणाऱ्याला एकदा त्या वर्गात उभं करायला हवं. आधी पोरं एस लावायला विसरतात. ‘वन बटन, टू बटन’ म्हणून मोकळी. मग एकदा तो एस सापडला, की कुठे ठेवू नि कुठे नको असं होतं त्यांना. ‘वन बटन्स’ होतं, ‘वॉटर्स’ होतं. एकाने घरी जाऊन आईकडे ‘दूध्स’ मागितलं होतं. एक मुलगी शाळा सुटताना बाईंच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “गुड बाय, बाईज.” बाईंनी तिला दुरुस्त केलं नाही. इतक्या प्रेमाने कुणी आपल्या दोन करत असेल तर करू दे बापडी, असं त्या म्हणाल्या.

बाईंची शिकवायची तऱ्हाच वेगळी. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती, तिच्यात बटणं, चमचे, किल्ल्या, कप, चेंडू. टेबलावर एक बटण ठेवायचं. पोर म्हणणार, “वन बटन.” मग दुसरं ठेवायचं, हात वर धरायचा आणि थांबायचं. पोर “टू बटन” म्हणालं, की बाई चूक म्हणायच्याच नाहीत. एक बटण उचलून परत पिशवीत टाकायच्या आणि कानाला हात लावून म्हणायच्या, “दोन कुठे? मला तर एकच ऐकू आलं बाई!” बटण गेलेलं बघून पोराचा जीव खालीवर. आणि कुणी “वन बटन्स” म्हटलं, की बाई दुसरं बटण शोधायला लागायच्या, टेबलाखाली, खिशात, पुढच्या बाकावरच्याच्या केसांत. वर्ग हसून हसून लोळायचा. मग कधीतरी एखाद्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडायचा आणि तो “टू बटन्स्स्स” असा ओढायचा, की सगळा वर्ग त्याच्यामागून. बाहेर पॅसेजमध्ये उभ्या माणसाला वाटावं, आत कुकर लावलाय.

इतकं छान काम, मग रडगाणं कसलं? रडगाणं असं, की बाईंना हे काम करायचंच नव्हतं.

कॉलेजात असताना इंग्रजीच्या जाडजाड कादंबऱ्या बाई अक्षरशः ताटाशेजारी ठेवून वाचायच्या. आई ओरडायची, की पुस्तकावर आमटी सांडेल. त्यांना मोठ्या मुलांना शिकवायचं होतं. गोष्टीतली बाई घर सोडून का गेली, गेली ते बरोबर केलं का, यावर पोरांनी आपल्याशी हुज्जत घालावी, असं त्यांचं स्वप्न. शाळेत आल्या तेव्हा पहिलीच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तेवढ्यापुरतं सांभाळा, असं सांगण्यात आलं. त्या बाळंतपणातल्या बाळाला आता चांगली मिशी आली आहे, आणि आपल्या बाई अजून पहिलीतच. दरवर्षी पोरं पुढे जायची, बाई तिथेच. नापास झालेल्या मुलालासुद्धा दुसऱ्या वर्षी कुणी वर ढकलतं हो, पण चांगलं काम करणाऱ्याला कोण ढकलणार?

घरीही त्या सुटल्या नव्हत्या. बोलताना शब्द सुटा सुटा पडायचा, आवाज एक पट्टी वर, आणि हातात धरून दाखवायची सवय. भाजीवाल्यासमोर दोन लिंबं उंच धरून त्या अशा थांबायच्या, की तो बिचारा काही चुकलं का म्हणून बघत राहायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, “वन नवरा आहे तोवर ठीक आहे. टू नवराज म्हणायला लागलीस की सांग, मी सामान बांधतो.” कॉलेजातली मुलगी वैतागायची, “आई, कळलं गं मला. पहिल्यांदाच कळलं. परत सांगू नकोस.” खूश होत्या त्या एकट्या सासूबाई. त्यांना कमी ऐकू यायचं. सांगत फिरायच्या, “सगळ्या घरात आमची सूनच तेवढी माणसासारखी बोलते.”

यावर बाईसुद्धा हसायच्या. पण एका सुट्टीत त्यांनी जुन्या कादंबऱ्यांपैकी एक काढली, आणि त्यांचं हसू गेलं. दुसऱ्या पानावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण गोष्ट वाचतच नाही आहोत, आपण एस वेचतो आहोत. हॉर्सेस, विंडोज, लेटर्स. लांबलचक वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून सुटायची. पुन्हा मागे जायचं, पुन्हा सुटायची. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. नवऱ्याने विचारलं, “काय गं, काय झालं?” तर म्हणाल्या, “अहो, माझं डोकं पहिलीत बसलंय. ते आता वर येत नाही.” आणि त्यांना रडू फुटलं. नवऱ्याने त्या दिवशी थट्टा केली नाही.

आता शाळेतलं दुसरं दुखणं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. मुख्याध्यापिका होत्या मोठ्या धोरणी. बाईंचा हा तास पाहिला आणि त्यांनी ओळखलं, की शाळेत दाखवण्यासारखं काही असेल तर हेच. मग काय! पालक आले, चला एसबाईंच्या वर्गात. दुसऱ्या शाळेचे शिक्षक आले, चला एसबाईंच्या वर्गात. पण वर्ष अर्धं सरलं की पोरांना सगळं यायला लागायचं. टेबलावर दोन किल्ल्या ठेवल्या की “टू कीज,” खटाखट. संपला तास! ना पिशवी भरत, ना शोधाशोध. पाहुणे जांभया द्यायचे. तेव्हा मुख्याध्यापिका गोड आवाजात म्हणाल्या, “बाई, थोडं चुकू दे ना त्यांना. गंमत त्यातच आहे.”

“त्यांना येतंय हो आता. चुकतील कशी?”

“ते तुम्ही बघा. तुम्हाला काय अशक्य आहे?”

बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. एकदाच, असं स्वतःला बजावून त्यांनी पोरांना सांगितलं, “उद्या पाहुणे आले की आपण एक गंमत करायची. आधी मुद्दाम चुकायचं. तू म्हणायचं टू स्पून. तू म्हणायचं वन कप्स. आणि मी पिशवी बंद करून पुन्हा विचारलं, की मग खरं.” पोरांना तर पर्वणीच. चुकायला सांगणाऱ्या बाई जगात कुणाला मिळतात? पण एकदा बोट दिलं की मनगट जातं, तसं झालं. एकदाचं दहादा झालं, आणि मग दर वर्षीचं झालं. पाहुणे ठरले की आदल्या दिवशी चुकायची तालीम व्हायची. दोन-तीन वेळा झालं की मग त्या वर्षी तालमीचीही गरज उरायची नाही. मागे खुर्च्या मांडल्या गेल्या, की वर्ग आपापली चूक घेऊन तयार.

या वर्षी तेवढी एक मुलगी अडून बसली होती. बोलायची सुरुवात ‘पण बाई’पासून करायची म्हणून तिला सगळे पणताई म्हणायचे. तिला चूक वाटून दिली तर डोळ्यांत टचकन पाणी. “पण बाई, मला येतं. मी कशाला चुकू?” बाईंनी तिला पिशवी धरायचं काम दिलं आणि सुटका करून घेतली. घरी येऊन मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीचं बरोबर होतं.

आणि नेमक्या त्याच वर्षी आठवीला इंग्रजी शिकवणारे सर निवृत्त व्हायला निघाले. जागा मोकळी! बाईंनी मनाचा हिय्या केला आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

“आठवी मला द्या,” त्या म्हणाल्या. एवढंच वाक्य त्यांनी आरशासमोर पाठ करून आणलं होतं.

मुख्याध्यापिका लिहिता लिहिता थांबल्या. “बसा बाई. तुमचा हक्कच आहे, मी नाही म्हणत नाही. पण पहिली कोण बघणार? आपल्याकडे लोक पोरं घालतात ती तुमचा वर्ग बघून. पहिली पडली की शाळा पडली.”

“शिकवीन कुणालातरी. माझ्यासारखंच.”

“तर मग नव्या टीचरना तयार करा. पंधरवड्यात संस्थेचे अध्यक्ष येतायत. त्यांच्यासमोर तो तास टीचर घेतील, तुम्ही मागे बसायचं. अध्यक्षांना पसंत पडला, तर त्या पहिलीला, तुम्ही आठवीला. नाही पडला तर मात्र बाई, तुम्हाला हलवायचं मला जमायचं नाही. टीचरचंही मग कठीणच आहे, त्या अजून करारावर आहेत.”

हे ऐकून बाई खोलीबाहेर आल्या तेव्हा त्यांना जिना दिसेना. आठवीची जागा पुन्हा मोकळी होईपर्यंत आपण स्वतःच निवृत्त झालेल्या असू, हा हिशेब त्यांना कुणी करून द्यायला नको होता. मिळाली तर आत्ता, नाही तर कधीच नाही.

नवी टीचर म्हणजे कालपरवा कॉलेज सोडलेली पोरगी. इंग्रजी असं फाडफाड, की पहिलीच्या पोरांना वाटायचं, टीचर गाणं म्हणतायत. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे. उद्यापासून ते घरी ठेवून या.” पोरगी मनमोकळी हसली आणि वहीबिही बाजूला ठेवून शिकायला बसली. बाईंनी तिला सगळं दिलं. हात किती वर धरायचा, थांबायचं किती, बटण पिशवीत टाकताना चेहरा कसा पाडायचा, शोधताना आधी लांबच्या बाकाकडे का जायचं. सुरुवातीला टीचर थांबायचीच नाही. पोराने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकायची. “ओठ दाबून धरा,” बाई म्हणायच्या, “जीव गेला तरी बोलू नका. त्याला बोलू द्या.” शेवटी एकदा टीचरने तो तास असा घेतला, दुसरीच्या कच्च्या मुलांना समोर बसवून, की मागे बसलेल्या बाईंचे हात आपोआप टाळ्या वाजवायला उठले. आपली कला दुसऱ्याच्या हाती गेल्याचं दुःख होतं म्हणे लोकांना. बाईंना तर पिंजऱ्याचं दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं.

सगळं दिलं, पण एक गोष्ट दिली नाही. चुकायच्या तालमीबद्दल त्या टीचरला अवाक्षर बोलल्या नाहीत. लाज वाटली, दुसरं काय! ती पोरगी त्यांच्याकडे इतक्या आदराने बघायची, तिला कसं सांगायचं, की मी पोरांना खोटं वागायला शिकवते? शिवाय त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की या वेळी नाटक नाही. नुकतेच शिकवलेले अवघड शब्दही विचारायचे, पोरं चुकतील तेवढी खरीखुरी चुकतील. स्वच्छ तास होईल. आणि ही घाण आपण जाताना आपल्याबरोबरच संपेल.

आदल्या दिवशी शाळा सुटताना त्या वर्गाला म्हणाल्या, “उद्या पाहुणे येणारेत. टीचर शिकवतील आणि मी मागे बसेन. टीचरना त्रास द्यायचा नाही. नेहमीसारखं छान करायचं, हं?”

“हो बाईऽऽ,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

संध्याकाळी त्यांनी आठवीचं पुस्तक घरी आणलं. पहिला धडा वाचताना एकदाही एस मोजला नाही. मुलीला बोलावून तिच्याशी त्या धड्यावरून भांडल्या, भरभर, हातवारे न करता, आणि मुलगी चकित होऊन म्हणाली, “आई, तू अशी बोलू शकतेस?” नवरा दाराशी उभा राहून नुसता ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मागे खुर्च्या मांडल्या गेल्या. अध्यक्ष आले, भारदस्त माणूस, आवाज मोठा, मनाने चांगला. शेजारी मुख्याध्यापिका, कडेला बाई. टीचरने सुरुवात तर झकास केली. पिशवीतून एक कंगवा काढला, वर धरला. “वन कोम,” वर्ग म्हणाला. दुसरा काढला. हात वर, ओठ घट्ट. थांबली. वा, बाई मनात म्हणाल्या, शाब्बास.

“टू कोम!” पुढच्या बाकावरून उत्तर आलं.

टीचरने चेहरा पाडून कंगवा पिशवीत टाकला. अध्यक्ष खो खो हसले. बाईंनाही बरं वाटलं. पुढे दोन ब्रश आले. “टू ब्रश!” ब्रश पिशवीत. मग एकच कप आला आणि तिसऱ्या बाकावरचा एकजण उभा राहून ठणकावून म्हणाला, “वन कप्स!” टीचर टेबलाखाली शोधायला वाकली. अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली.

बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. कप? कप त्याला कधीपासून येतोय! त्याच्या घरी कपांचं दुकान आहे! त्यांनी नीट बघितलं, तर उत्तर देऊन झालं की प्रत्येक पोर हळूच मान वळवून मागे बघत होतं. टीचरकडे नाही, पाहुण्यांकडे नाही, बाईंकडे. डोळे चमकत होते. मागे खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे आले होते, आणि बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, नेहमीसारखं. पोरं शब्दाला जागत होती. जीव तोडून चुकत होती.

“टू स्पून!” “टू बॉल!” “वन कीज!”

एरवी बाई पिशवी बंद करून पुन्हा विचारायच्या, तो चुकणं थांबवायचा इशारा. टीचरला बिचारीला काय माहीत? ती बटण टाकत राहिली, शोधत राहिली. हशा विरळ होत गेला. तेच बटण तिसऱ्यांदा पिशवीत गेलं तेव्हा कुणीच हसलं नाही. अध्यक्षांनी मुख्याध्यापिकांकडे वळून हळू विचारलं, “यांना काहीच कसं येत नाही?” टीचर थांबायचं विसरली, आणि घरी ठेवलेलं सगळं इंग्रजी एकदम तोंडातून धो धो वाहायला लागलं. पोरांना त्यातलं ओ की ठो कळेना. पोरं आणखीच खुशीत चुकायला लागली.

आणि मग पणताई उभी राहिली. कधीही न चुकणारी पणताई. मागे बाईंकडे बघून गालात हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “टू बटन!”

बाईंनी डोळे मिटून घेतले. अगं बाई, तू सुद्धा? माझ्यासाठी?

बसून राहावं का? पण बसून काय मिळणार होतं! तास तर बुडालाच होता, आठवी गेलीच होती. उठलं, तर पहिलीचा वर्ग फक्त आपलाच आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध होणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींच्या मध्ये फळ्यापाशी ती पोरगी उभी होती, खालचा ओठ दाताखाली धरून, आता रडते की मग रडते अशी. चाळीस पोरांपुढे. तिची यात काय चूक होती? खोट्याचं बी कुणी पेरलं आणि उगवलं कुणाच्या अंगणात! बाईंना स्वतःची इतकी चीड आली, की त्या ताडकन उठल्याच.

“मुलांनो,” त्या मागूनच म्हणाल्या, “झालं. आता खरं.”

सगळ्या माना पुन्हा पुढे वळल्या. टीचरच्या हातात दोन बटणं होती. “टू बटन्स्स्स!” वर्ग गरजला. तिला काही कळेना, तिने दोन कंगवे उचलले. “टू कोम्स!” ब्रश, “टू ब्रशेस!” कप, किल्ल्या, चेंडू, एकही चुकलं नाही. टीचर दिसेल ते उचलत होती आणि पोरं आढ्याला आवाज भिडवत होती.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. टाळ्या वाजवत बाईंसमोर आले. “काय जादू आहे हो बाई तुमची! इतका वेळ ठोकळ्यासारखा बसलेला वर्ग, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात आणि काय झालं हे!”

बाईंनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांची नजर खाली होती, बुटाच्या टोकाकडे.

“सर, जादू नाही,” बाई म्हणाल्या. “मीच यांना चुकायला...”

“विनय! याला म्हणतात विनय!” अध्यक्षांनी त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही. मुख्याध्यापिकांकडे वळून म्हणाले, “ऐका, या बाईंना पहिलीतून हलवायचं नाही. आज माझ्या कानावर आलं, की यांना आठवीला पाठवायचं चाललंय. वेड लागलंय का तुम्हाला? आठवीला काय, कुणीही शिकवेल. आणि या टीचर, यांना लहान मुलं झेपत नाहीत हे उघड आहे, पण इंग्रजी काय सुंदर बोलतात! त्यांनाच द्या की आठवी.”

“जी,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“सर, मला आठवी...” बाईंनी परत सुरुवात केली. वाक्य एवढंसं होतं, पाठ होतं, पण तोंडातून शब्द सुटा सुटा बाहेर पडायला लागला. अध्यक्षांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. “बाई, तुम्ही निवृत्त होईपर्यंत ही खोली तुमची. माझा शब्द आहे.”

यावर माणूस काय म्हणतो? ओरडावं, पिशवी खिडकीतून भिरकावून द्यावी, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या म्हणाल्या, “थँक्यू सर.”

पाहुणे चहाला गेले. टीचर दारापर्यंत गेली, परत आली, बाईंच्या दंडाला धरून म्हणाली, “बाई, ते खरं म्हणजे काय होतं? ‘आता खरं’ म्हणालात ते?” नोकरी टिकल्याने तिचे डोळे भरून आले होते आणि आठवी मिळाल्याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. लपवायचा तरी का तिने?

“सांगेन कधीतरी,” बाई म्हणाल्या. “जा तुम्ही, चहा गार होईल.”

टीचर गेली आणि पोरांनी बाईंना गराडा घातला. ही पुढे, तो पुढे, प्रत्येकाला आपली चूक सांगायची होती. मी दोन वेळा चुकलो बाई. मी तर तीन वेळा. तो हसला मधेच, मी नाही हसले. पणताई सगळ्यांच्या मधून वाट काढत आली आणि बाईंचा हात ओढून उभी राहिली.

“पण बाई, मी छान चुकले ना?”

मुख्याध्यापिका चहाला बोलवायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पोरीकडे. काय काय सांगायचं होतं त्यांना तिला. तू चुकायला नको होतंस, कुणासाठीही नको, माझ्यासाठी तर नकोच नको. पण पोरगी टाचा उंचावून उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या तोंडावर इतका आनंद होता, की बाईंची जीभच उचलेना.

“हो गं,” त्या म्हणाल्या. “फार छान चुकलीस.”

“मग पुढच्या वेळी पण मी चुकू?”

“हो, चूक,” बाई म्हणाल्या, आणि टेबलावरची बटणं गोळा करायला लागल्या.